क्षार किती विरघळणार, हे पारा ठरवतो

विद्राव्यता मोजण्याचा शाळकरी प्रयोग आणि नीरा खोऱ्यातील शेती यांचे नाते

लोणंद : डिसेंबर-जानेवारीतील पहाटे ठिबक संचाच्या खतटाकीत डोकावले, तर काही वेळा तळाशी पांढऱ्या, सुईसारख्या खड्यांचा थर बसलेला दिसतो. आदल्या दुपारी हेच खत पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते, द्रावण निवळशंख असते. रात्रीतून त्यात कोणी काही मिसळलेले नसते, पाणीही आटलेले नसते. बदललेले असते ते केवळ तापमान. अशा वेळी खतात भेसळ असल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेकदा दोष खताचा नसून हिशेबाचा असतो. प्रत्येक क्षाराची पाण्यात विरघळण्याची एक मर्यादा असते आणि ही मर्यादा पाऱ्याबरोबर वर-खाली होते. ती मोजण्यासाठी फार मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. तापमापी, परीक्षानळी, तराजू आणि थोडा संयम एवढे साहित्य त्यासाठी पुरते.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, पुणे-मिरज लोहमार्गावर वसलेले लोणंद हे शहरी वाचकांना कांद्याची बाजारपेठ म्हणून आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव म्हणून परिचित आहे. जवळून वाहणाऱ्या नीरा नदीच्या कालव्यांनी या खोऱ्याचे रूप पालटले. ऊस आला, पैसा आला आणि त्यामागोमाग जमिनीत क्षारही साचले. क्षार आणि पाणी यांचे नाते हा म्हणूनच येथे केवळ पाठ्यपुस्तकातील धडा राहत नाही.

मर्यादा म्हणजे काय?

पेलाभर पाण्यात मीठ घालून ढवळत राहिले, तर सुरुवातीला ते दिसेनासे होते. एका टप्प्यानंतर मात्र कितीही ढवळले तरी तळाशी उरलेले मीठ विरघळत नाही. या द्रावणास संपृक्त द्रावण म्हणतात. त्या वेळी विरघळण्याची क्रिया थांबलेली असते, असे नव्हे. खड्यांवरील कण पाण्यात जात असतात आणि तितक्याच वेगाने पाण्यातील कण पुन्हा खड्यांवर बसत असतात. दोन्ही क्रियांचा वेग सारखा झाल्याने बाहेरून पाहणाऱ्यास बदल जाणवत नाही.

विशिष्ट तापमानास १०० ग्रॅम पाण्यात एखाद्या पदार्थाचे जास्तीत जास्त जितके ग्रॅम विरघळतात, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची विद्राव्यता. या व्याख्येतील ‘विशिष्ट तापमानास’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता २० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ ग्रॅम असते, तर ६० अंशांना ती शंभरी ओलांडते. तापमान न सांगता केवळ ‘हा क्षार पाण्यात चांगला विरघळतो’ असे म्हणणे अपुरे ठरते ते यामुळेच.

निरनिराळ्या तापमानांना विद्राव्यता मोजून तिचे आलेख काढण्याची पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८१९ मध्ये रूढ केली. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर विद्राव्यता घेतली, की प्रत्येक क्षाराची स्वतंत्र रेषा मिळते. दोन शतके उलटली, तरी विद्यार्थी आजही याच रीतीने हा आलेख काढतात.

थंड करून मोजण्याची रीत

विद्यालयीन प्रयोगशाळेत सर्वांत सोयीची पद्धत म्हणजे द्रावण गरम करून हळूहळू थंड करणे. एका मोठ्या परीक्षानळीत ४ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घ्यावे आणि त्यात ५ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे. परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरून क्षार पूर्ण विरघळेपर्यंत काचकांडीने ढवळावे. नंतर नळी बाहेर काढून सावकाश थंड होऊ द्यावी. ढवळणे चालू ठेवावे, मात्र ते तापमापीने करू नये, कारण तिचा फुगा नाजूक असतो. द्रावणात पहिले स्फटिक चमकताना दिसतील त्या क्षणीचे तापमान नोंदवावे.

पाच मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम पाण्यात ८० ग्रॅम हे प्रमाण झाले. स्फटिक सुमारे ४७-४८ अंशांना दिसू लागतात. याचाच अर्थ त्या तापमानास विद्राव्यता ८० ग्रॅम आहे. यानंतर त्याच नळीत आणखी एक मिलिलिटर पाणी घालून प्रयोग पुन्हा करावा. आता प्रमाण सुमारे ६७ ग्रॅम होते आणि स्फटिक ४१ अंशांच्या आसपास दिसतात. पाणी ८ मिलिलिटर झाले, की प्रमाण ५० ग्रॅमवर येते आणि तापमान ३२-३३ अंशांवर उतरते. पाणी १० मिलिलिटर झाल्यावर प्रमाण ४० ग्रॅम आणि तापमान सुमारे २६ अंश. क्षार एकदाच तोलायचा आणि दर वेळी केवळ पाणी वाढवायचे, ही या पद्धतीची खुबी आहे. तासाभरात चार-पाच बिंदू मिळतात आणि ते जोडले, की वर झेपावणारी वक्ररेषा कागदावर उमटते.

पोटॅशियम नायट्रेट हा ज्वलनास मदत करणारा पदार्थ आहे. त्यामुळे तो थेट ज्योतीवर न तापवता गरम पाण्याच्या साह्यानेच तापवावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

वजनाची पद्धत

दुसरी पद्धत अधिक अचूक, परंतु वेळखाऊ आहे. तीत क्षार जास्तीचा घालून द्रावण ठरावीक तापमानास बराच वेळ ढवळतात, तळाशी थोडा क्षार शिल्लक राहील याची खात्री करतात आणि वरचे निवळ द्रावण काढून घेतात. ते आधी तोललेल्या बाष्पनपात्रात घेऊन पुन्हा तोलायचे, पाणी उडवून लावायचे आणि उरलेला कोरडा क्षार तोलायचा.

समजा, रिकामे बाष्पनपात्र ४२.१० ग्रॅम भरले आणि द्रावणासह ते ६२.१० ग्रॅम झाले. म्हणजे द्रावण २० ग्रॅम. पाणी उडाल्यानंतर वजन ४६.९० ग्रॅम आले. पात्र पुन्हा तापवून, थंड करून तोलले तर ४६.८० आले आणि तिसऱ्या वेळीही तेवढेच राहिले. म्हणजे क्षार ४.७० ग्रॅम आणि पाणी १५.३० ग्रॅम. १०० ग्रॅम पाण्यासाठी हिशेब केला, की ३०.७ ग्रॅम हे उत्तर मिळते. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत थांबण्याचा नियम येथे कळीचा आहे. ४६.९० वर समाधान मानले असते, तर विद्राव्यता ३०.७ ऐवजी ३१.६ आली असती आणि ओलावा क्षार म्हणून मोजला गेला असता.

चुका कोठे होतात?

प्रयोग साधा असला, तरी त्यात फसण्याच्या जागा अनेक आहेत. पहिली म्हणजे अतिसंपृक्तता. द्रावण न ढवळता शांतपणे थंड होऊ दिले, तर मर्यादा ओलांडूनही स्फटिक बाहेर पडत नाहीत. मग एखादा धुळीचा कण पडताच किंवा काचेला ओरखडा बसताच ते एकदम बाहेर येतात. अशा वेळी नोंदलेले तापमान खऱ्यापेक्षा कमी येते. ढवळत राहणे किंवा क्षाराचा एक बारीक कण ‘विरजण’ म्हणून टाकणे हा त्यावरील उपाय.

दुसरी चूक बाष्पीभवनाची. नळी वारंवार तापवली, की थोडे पाणी उडून जाते आणि प्रत्यक्षात ६ ऐवजी साडेपाच मिलिलिटरच उरते; वहीत मात्र सहाच लिहिले जाते. तिसरी चूक मापाची. १०० ग्रॅम पाण्यात ३२ ग्रॅम आणि १०० ग्रॅम द्रावणात ३२ ग्रॅम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात १३२ ग्रॅम द्रावण होते, दुसऱ्यात पाणी केवळ ६८ ग्रॅम असते. खताच्या वेष्टनावरील किंवा पुस्तकातील आकडा वाचताना तो कोणत्या मापाचा आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रत्येक क्षाराचा स्वभाव निराळा

निरनिराळ्या क्षारांचे आलेख एकाच कागदावर काढले, की त्यांचे स्वभाव स्पष्ट होतात. पोटॅशियम नायट्रेटची रेषा शून्य अंशाला १३ ग्रॅमपासून निघून १०० अंशांना सुमारे २४५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा पटींनी चढते. रोजच्या मिठाची, म्हणजे सोडियम क्लोराइडची रेषा मात्र जवळपास आडवी असते. शून्य अंशाला ३५.७ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९ ग्रॅम. पाणी उकळले म्हणून त्यात फार जास्त मीठ मावते, हा समज त्यामुळे खरा नाही. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळते. अधिक विरघळत नाही.

या फरकाचा उपयोग माणसाने फार पूर्वीपासून केला आहे. मीठ थंड करून पाण्याबाहेर काढता येत नाही. म्हणून मिठागरात समुद्राचे पाणी उन्हाने आटवावे लागते. याउलट सोरा, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट शुद्ध करताना मातीतून धुऊन घेतलेले गरम द्रावण थंड केले जाई. सोऱ्याचे खडे खाली बसत आणि सोबतचे साधे मीठ बहुतांशी पाण्यातच राही. तोफांच्या दारूसाठी लागणारा सोरा याच रीतीने तयार होत असे.

सोडियम सल्फेटची तऱ्हा तर या दोहोंहून निराळी आहे. शून्य अंशाला त्याची विद्राव्यता ५ ग्रॅमच्या आसपास असते, २० अंशांना ती १९ ग्रॅमवर जाते आणि ३२.४ अंशांना सुमारे ५० ग्रॅमचे शिखर गाठते. त्यापुढे तापमान वाढले, की ती घटू लागते आणि १०० अंशांना ४२-४३ ग्रॅमवर येते. याचे कारण स्फटिकांच्या रचनेत आहे. ३२.४ अंशांखाली या क्षाराचा प्रत्येक रेणू पाण्याचे दहा रेणू सोबत घेऊन स्फटिक बनवतो. त्यावर मात्र निर्जल स्फटिक तयार होतात. वस्तुतः येथे दोन वेगळ्या घनपदार्थांच्या दोन रेषा एकमेकींना मिळतात.

उष्णतेचा हिशेब

तापमान वाढल्याने काही क्षार अधिक, तर काही कमी का विरघळतात? स्फटिकातील कण एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सुटे करण्यास ऊर्जा खर्च होते. सुटलेल्या कणांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. पहिला खर्च दुसऱ्या जमेपेक्षा अधिक असेल, तर उरलेली ऊर्जा पाण्यातून घेतली जाते आणि पाणी गार होते. अशा क्षाराला बाहेरून उष्णता पुरवली, तर तो सामान्यतः अधिक विरघळतो. विरघळताना उष्णता बाहेर टाकणाऱ्या पदार्थाचे वर्तन याच्या उलट असते. ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये मांडलेल्या समतोलाच्या तत्त्वातून हेच निघते. उष्णतेची देवाणघेवाण जवळजवळ शून्य असेल, तर मिठाप्रमाणे आलेख आडवा राहतो.

सोरा पाण्यात टाकला की पाणी गार होते, ही गोष्ट मोगल दरबारास ठाऊक होती. अकबराच्या काळात पिण्याचे पाणी थंड करण्यासाठी सोऱ्याचा वापर होत असल्याची नोंद अबुल फजल याच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. पाण्याला गार करणारा हा गुण आणि गार पाण्यात कमी विरघळण्याचा गुण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

खतटाकीतील गणित

शेतकरी ज्याला ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ म्हणतात, ते विद्राव्य खत म्हणजे हेच पोटॅशियम नायट्रेट होय. दुपारी पाण्याचे तापमान २५ अंशांवर असताना १०० लिटर पाण्यात २५ किलो खत सहज मावते. पहाटे द्रावण १० अंशांवर आले, तर मर्यादा सुमारे २१ किलोवर घसरते. उरलेले चार किलो खडे होऊन तळाशी बसतात. द्रावण गाळणीतून पुढे गेल्यावर नळ्यांत थंड झाले, तर हेच खडे तोट्यांच्या सूक्ष्म छिद्रांत अडकण्याचा धोका असतो. काही ओळींना खत मिळते, काहींना मिळत नाही आणि महागड्या खताचा पैसा टाकीच्या तळाशी पडून राहतो.

खत घालतानाच आणखी एक गोष्ट घडते. २५ किलो खत १०० लिटर पाण्यात एकदम टाकले, तर ते विरघळताना पाणी दहा अंशांहून अधिक गार होऊ शकते आणि मर्यादा तिथल्या तिथे खाली येते. खत ‘विरघळतच नाही’ असे वाटते ते यामुळे. थोडे थोडे खत घालून ढवळत राहणे आणि मधे पाण्याला वेळ देणे, हा त्यावरील सोपा मार्ग आहे.

पोटॅशियम सल्फेट, म्हणजे ‘शून्य-शून्य-पन्नास’, या बाबतीत अधिक नाजूक आहे. १०० लिटर पाण्यात २० अंशांना ते ११ किलो आणि १० अंशांना ९ किलोच्या आसपासच मावते. युरिया मात्र २० अंशांना त्याच पाण्यात १०० किलोंहून अधिक विरघळतो. सगळ्या खतांना एकच माप लावणे म्हणूनच चुकीचे ठरते. हिशेब दुपारच्या नव्हे, तर पहाटेच्या तापमानावर करावा आणि मर्यादेच्या बरेच खाली राहावे, हा व्यवहारी नियम आहे. शंका असल्यास ठरलेल्या प्रमाणातील द्रावण पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर उघड्यावर ठेवावे. सकाळी तळ स्वच्छ दिसला, तर प्रमाण योग्य समजावे.

काही वेळा गाळ बसण्यास तापमान कारणीभूत नसते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटयुक्त खत एकाच टाकीत मिसळले, तर जिप्सम तयार होऊन द्रावण दुधाळ होते. हा गाळ पाणी गरम केल्याने जात नाही. थंडीने बसलेले खडे उन्हात पुन्हा विरघळतात, रासायनिक गाळ विरघळत नाही. दोहोंतील फरक ओळखण्याची ही खूण आहे.

जमिनीतील क्षार

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामती परिसरात बारमाही पाणी पोहोचले. पाणी आले, पण त्याचा निचरा होण्याची सोय झाली नाही. भूजलाची पातळी चढली, खालचे क्षार पाण्यासोबत वर आले आणि पाणी उडून गेल्यावर पृष्ठभागावर उरले. अवघ्या पंचवीस वर्षांत प्रश्न इतका गंभीर झाला, की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींचा अभ्यास केला. तो मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातही हीच कहाणी घडली.

क्षारपड जमिनीत सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे आणि सल्फेटे प्रामुख्याने आढळतात. ती घालवायची, तर भरपूर पाण्याने विरघळवून मुळांच्या खाली धुऊन न्यावी लागतात. येथे विद्राव्यतेचे आलेख पुन्हा उपयोगी पडतात. मिठासारखी क्लोराइडे थंड किंवा गरम कोणत्याही पाण्यात सारखीच विरघळतात. सोडियम सल्फेट मात्र १० अंशांच्या पाण्यात ९ ग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ४० ग्रॅम विरघळते. कडाक्याच्या थंडीत हा क्षार ओल्या जमिनीवरही पांढऱ्या पिसाऱ्यासारखा फुलून येऊ शकतो.

चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी वापरल्या जाणाऱ्या जिप्समची गोष्ट वेगळी. तो लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम विरघळतो आणि तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. नुसत्या पाण्यात एक टन जिप्सम विरघळवायचा, तर चार लाख लिटरांहून अधिक पाणी लागेल. म्हणजे हेक्टरभर क्षेत्रावर सुमारे ४० मिलिमीटर. जमिनीतील सोडियमशी देवाणघेवाण होत असल्याने शेतात ही क्रिया काहीशी लवकर घडते. तरीही जिप्सम वरवर फेकून परिणामाची वाट पाहणे व्यर्थ ठरते. तो बारीक दळलेला असावा, मातीत मिसळावा आणि त्यानंतर पाणी द्यावे. अर्थात, निचऱ्याची सोय नसेल, तर धुतलेले क्षार जाणार कोठे, हा प्रश्न उरतोच. चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्यांची निचरा पद्धत यांना पर्याय नाही.

क्षारांचे मोजमापही तापमानाशी बांधलेले आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसीसायमनपेक्षा अधिक असेल, तर जमीन क्षारयुक्त मानली जाते. परंतु तापमान एका अंशाने वाढले, की हा आकडा सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. म्हणून अहवाल नेहमी २५ अंशांचा दिला जातो. तापमानाची दुरुस्ती न करणाऱ्या साध्या मीटरने जानेवारीत आणि मे महिन्यात घेतलेल्या नोंदींची थेट तुलना केली, तर जमीन बिघडली नसतानाही बिघडल्यासारखी दिसेल.

सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र कार्यरत आहे. क्षारयुक्त जमिनीत तग धरणारा ‘फुले २६५’ हा उसाचा वाण याच केंद्राने दिला. तग धरणारे वाण शेतकऱ्याला सावरतात, मात्र जमिनीतील क्षार त्यांनी कमी होत नाहीत. ते मोजावे लागतात, विरघळवावे लागतात आणि निचऱ्याने बाहेर काढावे लागतात. या तिन्ही पायऱ्यांवर पाण्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे, तितकेच तापमानही. प्रयोगवहीतील ‘तापमान’ हा रकाना विद्यार्थी अनेकदा शेवटी घाईघाईने भरतात. माती, पाणी किंवा खत यांची कोणतीही नोंद करताना तो रकाना सर्वांत आधी भरण्याची सवय लागली, तर बाकीचे आकडे विश्वासाने वाचता येतील.